पंचविशीतली पजेरो, रोजच्या कामाला

गाडी घेतली तेव्हा तिचं वय पंचवीस होतं आणि माझं सत्तेचाळीस. उठता-बसता दोघींच्याही सांध्यांतून आवाज येत होता. माझ्या सांध्यांचा इतिहास निदान मला ठाऊक होता; तिचा विकणाऱ्यालाही धड सांगता येत नव्हता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी दवाखाना, दुपारी चारनंतर घरोघरी जाऊन पेशंट बघायचे. अर्धांगवायू झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले, घराबाहेर काढणं ज्यांना अवघड असे. यातली निम्मी घरं डांबर संपल्यावर सुरू होतात. आधीची हॅचबॅक पावसात दोनदा रुतली. तिसऱ्यांदा दगडावर बसून तिचं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं आणि तेलाच्या थारोळ्याकडे बघत मी एका पेशंटच्या ओसरीवर दोन तास काढले. नव्या फोर बाय फोरचे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाडीचे, हप्ते माझ्या हिशेबात बसत नव्हते. म्हणून जुनी. १९९८ ची मित्सुबिशी पजेरो, दुसऱ्या पिढीतली, लांब, पाच दारांची, २.८ लिटर टर्बो डिझेल, हाताने गिअर टाकायची. दोन वर्षं चार महिने झाले, एकतीस हजार किलोमीटर झाले. रविवारी डोंगरात नेऊन फोटो काढायला अशी गाडी कशी आहे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. सोमवारी सकाळी आठ वाजता ती कशी असते, ते मी सांगते.

चावी फिरवायची आणि थांबायचं. इंजिन जुन्या धाटणीचं, इनडायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं. थंडीत ग्लो प्लग, म्हणजे आतल्या तापवणाऱ्या कांड्या, तापल्याशिवाय ते पेटायला कुरकुर करतं. वेटोळ्याचं चित्र असलेला पिवळा दिवा विझला की मग स्टार्टर मारायचा. त्यानंतर जो आवाज होतो त्याने आमच्या शेजारचं बाळ पहिले सहा महिने दचकून उठायचं. आता ते त्या आवाजाशिवाय उठत नाही, असं त्याची आई म्हणते. पहिली दहा मिनिटं गिअर जड पडतात, दुसरा तर अगदी रुसल्यासारखा. गिअरबॉक्स गरम झाला की मग लोण्यासारखा नाही, पण निमूटपणे पडतो.

२८३५ सीसी आणि सुमारे १२५ हॉर्सपॉवर, त्यावर दोन टनांच्या आसपास वजन. तेव्हा पिकअप हा शब्द विसरायचा. ओव्हरटेक करायचं असेल तर आदल्या दिवशी ठरवावं लागतं, असं आमचा मुलगा म्हणतो. पण ओढ मात्र आहे. टर्बोने दम धरला की गाडी तिसऱ्या गिअरात चढ चढत राहते, इंजिन किंचाळत नाही. ॲव्हरेज मला साडेआठ मिळतं, नुसत्या गर्दीत फिरले तर आठच्याही खाली. माझ्या हॅचबॅकच्या जवळपास निम्मं. हा खर्च आधी कागदावर मांडून बघा. दुरुस्तीच्या धास्तीत लोक डिझेल विसरतात आणि वर्षाच्या शेवटी डिझेलच जास्त निघतं. माझं तसंच निघालं.

आता बसण्याबद्दल, कारण यातलं मला खरोखर कळतं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आम्ही सांगतो की गुडघे कमरेच्या वर जातील इतक्या खोल जागी बसू नका. हल्लीच्या बुटक्या गाड्यांत नेमकं तेच करावं लागतं. पजेरोत तुम्ही खुर्चीवर बसल्यासारखे बसता: पाठ सरळ, मांड्यांना आधार, गुडघे कमरेच्या खाली. आधी तास-दीड तास गाडी चालवून उतरले की कंबर धरायची. ते थांबलं. शिवाय काचा मोठ्या, खांब बारीक, बोनेटची दोन्ही टोकं दिसतात. पंचवीस वर्षांपूर्वी गाड्यांतून बाहेर बघण्याची सोय होती, हे मी विसरूनच गेले होते.

पण हे सगळं आत बसल्यावरचं. आत पोचणं हा वेगळा व्यायाम आहे. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या, उंची जेमतेम पाच फूट. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "शिडी आण, नाहीतर मला इथेच ठेव." फूटबोर्ड होता, पण तो आधीच्या मालकाने गाडीची उंची वाढवून घेताना तसाच वर गेलेला. मी खाली एक जादा पायरी बसवून घेतली, खांबाला आतून पकडायला दांडी होतीच. आता त्या चांगला पाय आधी टाकून चढतात आणि दुखरा पाय आधी खाली ठेवून उतरतात, मी शिकवलं तसं. पुढे बसल्या की त्यांचं लक्ष रस्त्यावर नसतं. डॅशच्या मधोमध गाडीचा कल दाखवणारं गोल तबकडीचं यंत्र आहे, त्याकडे असतं. खड्ड्यातून गेलो की लगेच, "आज पंधरा!"

वळवणं आणि लावणं या दोन्ही गोष्टींना मी दहापैकी चार देते. गल्लीत एका दमात वळत नाही, मागे-पुढे करावंच लागतं. टपावरचं कॅरिअर धरून उंची दोन मीटरच्या वर जायची, म्हणून दवाखान्याच्या तळघरातल्या पार्किंगचा दांडा तिला पहिल्याच आठवड्यात लागला. कॅरिअर काढून टाकलं, तेव्हापासून निघते, जेमतेम. मागचं दार वर उघडत नाही, कपाटासारखं बाजूला उघडतं, आणि स्टेपनीचं सगळं वजन त्याच्यावर. मागे भिंत असेल तर सामान काढता येत नाही. माझी घडीची तपासणी-खाट मागे असते, म्हणून गाडी नेहमी मागची बाजू मोकळी ठेवून लावते. तरी अजून दिवसाआड चुकतेच.

घेतानाची गोष्ट. मी चार गाड्या पाहिल्या, तीन सोडल्या. पहिलीचा मालक फोनवर फार गोड बोलला. पोचले तर बोनेट गरम. "मॅडम, तुमच्यासाठी चालू करून ठेवली." जुन्या डिझेलला थंड असताना पहिल्यांदा चालू होताना बघितलं नाही, तर काहीच बघितलं नाही. टायमिंग चेनची खडखड आणि पहिला धूर दोन्ही त्याच मिनिटात समजतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आला आणि गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट कुठे जातंय ते शोधायचं. मी म्हटलं, उद्या सकाळी येते, हात लावू नका. सकाळी त्याने फोनच उचलला नाही.

दुसरी दिसायला सगळ्यात देखणी. खालून चासीला ताजा, चकचकीत काळा रंग. माझ्यासोबत एक मेकॅनिक आले होते, वय साठीच्या पुढचं, बोलणं कमी. त्यांनी मागच्या चाकांच्या वर, जिथे चासी कमान घेते, तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं. ते आत गेलं. कुणी काही बोललं नाही. या पिढीची पजेरो वेगळ्या, शिडीसारख्या चासीवर उभी आहे. १९९९ मध्ये तिसरी पिढी आली तेव्हा बॉडी आणि चासी एक झाली. वेगळी चासी असली की पत्रा बदलून चालतो, चासी सडली की गाडी संपली. पत्र्यासाठी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक जवळ ठेवा. गंज झाकायला पुट्टी भरलेल्या जागी ते चिकटत नाही.

तिसऱ्या गाडीत बोट घातलं, अगदी शब्दशः. मागच्या डिफरन्शियलचा (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या डब्याचा) तेल भरायचा बोल्ट काढून मेकॅनिकनी करंगळी आत घातली आणि माझ्यासमोर धरली. तेल दुधाळ चहासारखं. म्हणजे गाडी खोल पाण्यातून गेलेली आणि नंतर कुणी तेल बदललं नाही. मालक तेवढ्यात म्हणत होता की गाडी फक्त लग्नकार्याला काढायचो. अशा गाडीत पाच ठिकाणी तेल असतं: इंजिन, गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ओढ वाटणारी ट्रान्स्फर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. मालक इंजिन ऑइलचं बिल दाखवतो. उरलेल्या चारांबद्दल विचारा आणि चेहरा बघा.

चौथी मी घेतली. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण मालकाकडे एक वही होती. तारखा, किलोमीटर, काय बदललं. माणूस निवृत्त सर्व्हेअर, कामासाठीच वापरलेली. मी खरं तर त्या वहीला पैसे दिले. तिथेही एक गंमत झालीच. मध्यस्थ होता तो सगळं माझ्या नवऱ्याला सांगत होता. लो गिअर असा टाकायचा साहेब, डिफ लॉक असा. नवऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही. शेवटी त्याने विचारलं, "मॅडमना जमेल ना, एवढी मोठी?" २००१ ची डाकार रॅली, वाळवंटातली ती लांब शर्यत, एका बाईने जिंकली, युटा क्लाइनश्मिट तिचं नाव, आणि जिंकली ती पजेरोतूनच. हे मला घरी आल्यावर आठवलं. असली उत्तरं नेहमी घरी आल्यावरच आठवतात.

वहीत एक गोष्ट नव्हती: टायर. मागच्या मालकाने शेवटी हौसेने ३१ इंची चिखलाचे टायर टाकलेले, नक्षी अगदी नवी. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. यावर २३०९ होतं, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. चौदा वर्षांचं रबर. नक्षी कितीही खोल असो, दहा वर्षांपुढचा टायर वापरायचा नाही. शिवाय मूळ २६५/७०-१५ या मापापेक्षा तो घेराने पावणेपाच टक्के मोठा, त्यामुळे काट्यावर ८० दिसायचं तेव्हा गाडी ८४ ला असायची आणि आत मधमाशांचं पोळं असल्यासारखी घूं-घूं. मी मूळ मापाचे, डांबर-माती दोन्हीला चालणारे टायर घातले. ब्रेक सुधारले, आवाज निम्मा झाला, ॲव्हरेज थोडं वाढलं, आणि सासूबाईंची पायरी तेवढी खाली आली. जुन्या फोर बाय फोरवर आधीच्या मालकाने केलेली हौस दिसली की मी तरी आता भाव कमी करून मागेन.

आता ज्यासाठी ही गाडी घेतली ते. बऱ्याच जुन्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना थेट जखडले जातात. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत; चिखलात चाक घसरून तो फरक जिरवतं, कोरड्या डांबरावर जिरवायला जागा नसते, ताण थेट गिअरांवर येतो. म्हणून तिथे फोर व्हील लावायचं नसतं. दुसऱ्या पिढीच्या पजेरोत १९९१ पासून सुपर सिलेक्ट नावाची व्यवस्था आली. मध्ये एक डिफरन्शियल आहे, त्यामुळे ४ एच, म्हणजे चारही चाकांना ओढ, कोरड्या, ओल्या, कशाही रस्त्यावर चालतं. चालत्या गाडीत लावता येतं. रस्ता क्षणात डांबरी, क्षणात निसरडा असला, तर हे एकच कारण ही गाडी घ्यायला पुरेसं आहे. माझा रस्ता तसाच आहे. पावसाळाभर मी ४ एच मध्येच असते. त्यापुढचं ४ एचएलसी, म्हणजे मधलं डिफरन्शियल लॉक करून दोन्ही धुरे जखडणं, दोन वर्षांत चौदा दिवस लागलं. लो गिअर, म्हणजे हळू पण जास्त ताकदीचा, तीनदाच. त्यातल्या एकदा दुसऱ्याचा टेम्पो ओढायला.

याच व्यवस्थेने मला सगळ्यात जास्त छळलं. डॅशवर गाडीचं चित्र आहे, चार चाकं आणि मध्ये नारिंगी दिवा. पहिल्या पावसात ४ एच लावलं की दिवे लुकलुकत राहायचे, स्थिर व्हायचेच नाहीत. पुढचा धुरा जोडायला इथे व्हॅक्यूम लागतो: इंजिनाकडून बारीक नळ्या येतात, दोन सोलेनॉइड (विजेवर उघडमिट होणाऱ्या झडपा), आणि पुढे धुऱ्यापाशी एक पडदा ओढला जातो. घराजवळच्या एका मोठ्या गॅरेजने गाडी पाच दिवस ठेवली आणि पुढचा अख्खा धुरा उतरवायला सांगितला. आकडा ऐकून मी गाडी परत आणली. मग ते साठीपुढचे मेकॅनिक आले, प्रत्येक नळी कानाला लावून ऐकली, आणि एकीचा बोटभर तुकडा कापून हातात दिला. वाकवला की भेगा दिसत होत्या. "ताई, याला हवा धरत नाही, बाकी काही नाही." माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटना कुणीतरी आधी ऑपरेशन सांगितलेलं असतं. त्या दिवशी मी त्यांच्या जागी होते.

हाच धडा दोन वर्षं पुन्हा पुन्हा गिरवला. लोखंड टिकलंय, रबर गेलंय. नळ्या, बुश, सील, बेल्ट, दारांच्या पट्ट्या. पंचवीस वर्षांच्या कुठल्याही रबराचं हेच होणार, यात गाडी बनवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मी आता बिघडण्याची वाट बघत नाही. घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत सगळे बेल्ट, सगळ्या कूलंटच्या नळ्या एकदम बदलून रेडिएटर आणि पंखाही तपासून घेतला असता, तर पुढचा प्रसंग टळला असता.

दुसरा उन्हाळा, लांब चढ, एसी चालू, मागे दोन पेशंट. तापमानाचा काटा नेहमी मधल्या रेघेच्या जरा खाली उभा असतो. तो हलला. अगदी थोडासा. मी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, काचा उघडल्या, खालच्या गिअरात हळूहळू सपाटीला आणली आणि बाजूला घेतली. पेशंट घामाघूम, पण हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाचलं. या इंजिनाचं हेड तापण्याला फार हळवं आहे. काटा लालपर्यंत गेला की बहुतेक वेळा तडाच. कारण दुहेरी निघालं: रेडिएटर आतून चोंदलेला, कारण कधीतरी कुणीतरी कूलंटऐवजी साधं पाणी भरत होतं, आणि पंख्याचं व्हिस्कस कपलिंग (इंजिन तापलं की पंख्याला घट्ट धरून फिरवणारा जोड) ढिलं. इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवा. गरम इंजिनावरही तो गरगर सुटा फिरत राहिला तर कपलिंग गेलं. एवढी तपासणी कुणालाही जमते. मी मात्र ती त्या दिवसानंतर शिकले.

एकूण एकेचाळीस दिवस गाडी गॅरेजमध्ये होती. त्यातले एकोणीस दिवस एका सुट्या भागाची वाट बघण्यात गेले; भाग स्वस्त होता, पण जवळ कुठेच नव्हता. घरात नवऱ्याची छोटी गाडी नसती, तर माझे पेशंट तीन आठवडे वाऱ्यावर. म्हणून घरात ही एकच गाडी असेल, तर घेऊ नका असंच मी सांगेन, कितीही आवडली तरी. आणि कर्ज काढून तर नाहीच. दुरुस्तीवर दोन वर्षांत गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जरा जास्त गेले. हे पैसे मी आधीच बाजूला काढून ठेवले होते, त्यामुळे झोप उडाली नाही. अजून एक, घेण्याआधी तुमच्याकडे एवढ्या जुन्या डिझेलला रस्त्यावर किती वर्षं मुभा आहे तेही बघून घ्या. नियम बदलतात, आणि अशा गाड्यांवरच आधी येतात.

सुरक्षिततेबद्दल आडपडदा ठेवत नाही. ही रचना १९९१ ची. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता मोजणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेचे पहिले निकालच मुळी १९९७ मध्ये आले. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं जखडू न देणारं एबीएस नाही, घसरताना सावरणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. उंच, जड, आणि वळणावर ती तुम्हाला अगदी स्पष्टपणे आठवण करून देते की गुरुत्वमध्य कुठे आहे. लोकांना वाटतं, मोठी गाडी म्हणजे सुरक्षित. उंच बसल्याने तसं वाटतं खरं. मी पुढच्या गाडीपासून आधीच्या दुप्पट अंतर ठेवते, आणि मुलाला लायसन मिळालं तरी ती चालवायला देत नाही. त्याच्यासाठी नवऱ्याची छोटी गाडी आहे, सहा एअरबॅगवाली. यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

तरीही, मागच्या आठवड्यात संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि मला एका आजींकडे जायचं होतं, ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. ओढ्यावरून पाणी वाहत होतं. खोल नाही, चाकाच्या पाव उंचीपर्यंत, पण जोर होता. उतरून छत्रीच्या दांड्याने मोजलं, परत बसले, ४ एचएलसी लावलं. नारिंगी दिवा क्षणभर लुकलुकला, मग लागला. पलीकडे गेले. आजींना चार पावलं चालवून परत आले तोवर पाणी ओसरलं होतं.

सध्या दोन कामं बाकी आहेत. मागच्या दाराची बिजागरी स्टेपनीच्या वजनाने खाली बसली आहे, दार उचलून लावावं लागतं. आणि पुढच्या डाव्या ब्रेकच्या कॅलिपरची पिन अडकते. मेकॅनिकनी मंगळवार दिलाय. त्या दिवशी मी फक्त डांबरावरचे पेशंट ठेवले आहेत.